शेवटच्या माणसाचा कंदील

बसा जवळ. आणि ती नदीकडची खिडकी लावून घ्या, पोरांनो, वारा आत येतोय.

योरिस माझ्या ओळखीतला. अँटवर्पला आलेल्या पाहुण्यांना पायी फिरवून शहर दाखवणं हा त्याचा धंदा, आणि धंद्यापुरतं खोटं बोलायला त्याची कधी ना नसे. खाटकांच्या गल्लीतलं ते मुंडकं नसलेलं भूत त्यानं घरच्या स्वयंपाकघरात बसून, बायकोला विचारून विचारून बनवलं होतं. पण ही गोष्ट त्यानं मला सांगितली तेव्हा समोरचा बिअरचा पेला तसाच राहिला, फेस बसून गेला तरी. योरिस बिअर विसरला म्हणजे काहीतरी घडलेलं असणार, एवढं मी त्याला ओळखतो.

रात्र दहा नोव्हेंबरची. दुसऱ्या दिवशी युद्धविरामाची सुट्टी, म्हणून रात्रीच्या फेरीला माणसं बऱ्यापैकी होती. योरिस मफलर गुंडाळून निघाला, तेवढ्यात हिल्डेनं त्याला दारात अडवलं. हिल्डे त्याची बायको, हॉस्पिटलात नर्स.

"आज बाबांना बरोबर घेऊन जा. मला रात्रपाळी आहे."

"अगं, तुझ्या बाबांना मी काय शहर दाखवणार? सगळ्यांदेखत माझ्याच चुका काढत बसतील."

"परवा गॅस चालू ठेवून झोपले होते. एकटं नाही ठेवायचं त्यांना. रांगेच्या शेपटाला उभं कर, कंदील दे हातात. कंदील हातात असला की शहाण्यासारखे वागतात. आणि हे बघ, त्यांना हरवून आलास तर तूही घरी येऊ नकोस."

हिल्डे हसत म्हणाली, पण ती थट्टा नव्हती. म्हातारा फॉन्स अलीकडे फार विसरायला लागला होता. जन्म गोदीत हमाली करण्यात गेलेला. कंदीलही त्याचाच, हमालांच्या टोळीचा. पूर्वी धक्क्यावरचं काम संपलं की टोळी गावात परतायची, आणि सगळ्यात शेवटचा माणूस कंदील घेऊन यायचा. नदीच्या पुरापासून गाव राखणाऱ्या भिंतीच्या दारातून आत आला की ओरडायचा, "मागं कोणी नाही!" मग कंदील फुंकायचा, आणि मगच दार लागायचं. योरिसनं ती रीत आपल्या फेरीत आणली होती. पाहुण्यांना असलं काही फार आवडतं.

पण त्या रात्री योरिसचं लक्ष दुसरीकडेच होतं. फेऱ्या चालवणाऱ्या कंपनीच्या बाईनं त्याला आठवड्यापूर्वी ऑफिसात बोलावून सुनावलं होतं, "तुझ्या भाकडकथांबद्दल तक्रारी आहेत. एखाद्या रात्री आमचा माणूस पाहुणा होऊन येईल. पुन्हा थापा मारल्यास तर गाइडचा बिल्ला काढून ठेवायचा." तेव्हापासून हा प्रत्येक पाहुण्याकडे चोर बघावा तसा बघायचा.

मोठ्या चौकात सगळे जमले. गेंटहून आलेल्या शिक्षिका होत्या, एक डच जोडपं होतं, कॉलेजातली चार पोरं होती, बटाट्याचे तळलेले फ्रिट खात. आणि मागे, फॉन्सच्या शेजारी, एक माणूस. आखूड जाड कोट, टोपी कानांवर ओढलेली. फोटो काढत नव्हता. कुठल्याच विनोदाला हसत नव्हता.

हाच तो, योरिसनं मनाशी म्हटलं.

मग काय, त्या रात्री योरिसनं आयुष्यात पहिल्यांदा नुसतं खरं सांगितलं. राजे, तह, आगी, सनावळ्या. डच बाई जांभया द्यायला लागली. आणि तो टोपीवाला ऐकतही नव्हता. तो फॉन्सच्या कानाला लागला होता. म्हातारा मान हलवत होता, मधेच खुदकन हसला. हिल्डेनं खिशात घालून दिलेलं बिस्किट मोडून अर्धं त्यानं त्या माणसाच्या हातावर ठेवलं.

म्हातारा त्या मुंडकं नसलेल्या भुताचं सगळं बकून बसणार! योरिसनं सासऱ्याला बाजूला घेतलं.

"बाबा, काय विचारत होता तो?"

"काही नाही रे. जुन्या गोष्टी."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल कशाला, जावईबापू? तू तेव्हा दूध पीत होतास."

"चला, माझ्याबरोबर पुढं चला. कंदील द्या इकडं."

फेरीचा शेवट नेहमी धक्क्यावर व्हायचा. पुराच्या भिंतीत पोलादी दार आहे ना, तिथं पालिकेचा रोम्बाउट उभा होता. समुद्रात वादळ होतं आणि भरती नदीतून वर चढत होती.

"पटकन आटप, योरिस. पाणी येतंय. दार लावायचंय मला."

योरिसला एक युक्ती सुचली. हेराला कामाला लावलं म्हणजे म्हाताऱ्याशी बोलणं बंद. त्यानं कंदील त्या माणसापुढे धरला. "साहेब, एवढं कराल? सगळ्यांच्या मागं राहायचं आणि शेवटी आरोळी ठोकायची, बस."

माणसानं कंदील घेतला.

फॉन्सचा चेहरा उतरला. "कंदील... त्याला दिलास?"

"हो. का?"

म्हातारा कंदिलाकडेच बघत राहिला.

धक्क्यावर वारा अंगावर येत होता. नदी काळी, काठोकाठ. योरिसनं नदीबद्दल चार वाक्यं सांगितली, कोणी ऐकली नाहीत. तेवढ्यात रोम्बाउटनं शिट्टी मारली. माणसं माना खाली घालून, एकमेकांना धरून दाराकडे पळाली. योरिस दारात उभा राहून एकेकाला आत घेत होता. शिक्षिका आल्या, डच जोडपं आलं, पोरं आली.

कंदील आला नाही.

तो दूर होता. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी. स्थिर.

"साहेब! चला!"

काही नाही.

"ओरडा की! मागं कोणी नाही म्हणा!"

काही नाही. नुसतं पाणी, धक्क्यावर आपटणारं.

"लावू दार?" रोम्बाउटनं विचारलं.

योरिसला वाटलं, परीक्षा बघतोय लेकाचा. मी पाहुण्याला सोडून जातो का, ते बघतोय. राहा मग तिथंच. 'लाव' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि सहज मागं वळून बघितलं. सगळे होते. फॉन्स नव्हता.

"बाबा कुठायत?"

"आजोबा?" एक शिक्षिका म्हणाली. "ते मघाशीच मागे गेले. तुमच्या त्या माणसाबरोबर."

योरिस धावला. त्याच्या डोळ्यांपुढे हिल्डेचा चेहरा होता, दुसरं काही नव्हतं. धक्क्यावर पाणी आलंच होतं, बूट भिजले. कंदील जवळ आला. धरणाऱ्याकडे त्यानं बघितलं नाही. का बघितलं नाही, ते त्याला आजही सांगता येत नाही. खाली पायऱ्यांवर फॉन्स उभा होता. कमरेएवढ्या पाण्यात. तोंड नदीकडे.

"बाबा!"

"सोड रे. टिस्टनं थांबायला सांगितलंय."

"कोण टिस्ट?"

"कंदील घेऊन येतो म्हणाला."

योरिसनं त्याला काखेत धरून ओढलं. म्हातारा हाडांचा सापळा, पण त्या क्षणी पोत्यासारखा जड. कसाबसा वर आणला. वळून बघितलं तर कंदील आता पायऱ्यांपाशी नव्हता. आणखी लांब होता. धक्क्याच्या अगदी कडेला... आणि त्याच्याखाली पाय दिसत नव्हते. पाणी होतं म्हणून असेल...

"तो यायचा नाही," फॉन्स म्हणाला. "मी बोलावल्याशिवाय नाही यायचा. थांब. मला बोलावू दे."

योरिस थांबला नाही. म्हाताऱ्याला फरपटत त्यानं दार गाठलं. पाणी उंबऱ्याला लागलं होतं. रोम्बाउटचे दोन्ही हात दारावर.

"योरिस. मागं कोणी आहे?"

योरिसनं बघितलं. कंदील जळत होता.

रोम्बाउट ओरडला, "अरे बोल! आहे का कोणी?"

...

"मागं कोणी नाही," योरिस म्हणाला.

दार लागलं.

फॉन्स तिथंच, भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. लहान मूल रडतं तसा, मोठ्यानं.

"मीही हेच ओरडलो होतो," तो म्हणाला. "त्या वादळात. टिस्ट मागं होता. मला माहीत होतं मागं आहे... पाणी आलं होतं रे, जावईबापू. पाणी आलं होतं."

टिस्ट त्याच्या तरुणपणच्या टोळीतला. सापडला नाही कधीच. हिल्डेला यातलं काही ठाऊक नव्हतं. जन्मभर म्हातारा याबद्दल कुणाशी बोलला नव्हता.

रात्रभर योरिसला झोप नाही. भूतबित सगळं झूट, आपण एका जिवंत माणसाला बाहेर ठेवून दार लावलं, हेच डोक्यात. उजाडायच्या आत त्यानं कंपनीच्या बाईला फोन करून उठवलं.

"काल तुम्ही पाठवलेला माणूस..."

"कोणता माणूस? काल मी कोणालाच पाठवलं नव्हतं."

रोम्बाउटलाही विचारलं. तो म्हणाला, मला कोणी दिसलं नाही बाबा. कंदील दिसला.

हिल्डे आजही म्हणते, टिस्टनं आरोळी दिली नाही म्हणून माझे बाबा वाचले. दिली असती तर बाबा बाहेर असतानाच दार लागलं असतं. योरिसचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, पायऱ्यांवर त्यांना नेलं कोणी? मी दोघांचंही ऐकून घेतो.

सकाळी ओहोटीला दार उघडलं तेव्हा योरिस आणि फॉन्स तिथं होते. सगळा धक्का चिखलानं माखलेला. दाराच्या नदीकडच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर एक कडी आहे. तिच्यात कंदील अडकवलेला होता. पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ दारावर उमटलेली, योरिसच्या छातीला लागेल अशी. कंदील तिच्या कितीतरी खाली. काच कोरडी. आत वात जळत होती.

योरिसनं वाकून काच वर केली, फुंकर मारायला. फॉन्सनं त्याचा हात धरला.

"विझवू नकोस," तो म्हणाला. "तो अजून आत आलेला नाही."