समासातला माणूस

"पान उलटायच्या आधीच सांगू? पुढच्या पानावर अगदी वरती लिहिलंय — 'हा साधू ढोंगी आहे.'"

मी चमकून मागे पाहिलं. वाशीच्या बसथांब्यावर माझ्या मागे एक उंच, सावळा तरुण उभा होता. खांद्याला पिशवी, बोटांवर काळ्या शाईचे डाग. माघातली सकाळ होती आणि खाडीवरचा वारा मला पान धड उलटू देत नव्हता... तरी मी ते उलटलं. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तेच वाक्य होतं.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"वाचलंय मी. हीच प्रत." तो जरा गोंधळला. "तुम्ही सुनीती ना? मी किसन भोईर. साहेबांच्या हाताखाली नकाशे काढायचो."

बाबा नव्या शहराच्या आखणीच्या ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होते. त्यांना जाऊन अकरा महिने झाले होते. ते गेले तेव्हा मी नाशिकला होते, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांनी ठरवलेलं स्थळ मी नाकारलं होतं. "पुस्तकं वाचून तू दगड झालीस," असं ते म्हणाले होते, आणि "ती पुस्तकं हातात दिली कुणी?" असं मी. त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. मग तार आली आणि मी घरी परतले.

आई माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. "तुझ्या काळजीनं गेले," हे तिनं एकदाच म्हटलं होतं. एकदा पुरेसं होतं.

त्या दिवशी मी बस सोडली.

पुढचे तीन शनिवार किसन सेक्टरच्या बागेत भेटत राहिला. बाग म्हणजे चार बाकं आणि गुडघ्याएवढी झाडं. त्याची दुपारी सुट्टी व्हायची. आम्ही बाकावर बसून बाबांची ती जाड रशियन कादंबरी वाचायचो. म्हाताऱ्या बापाला सोडून मठात गेलेल्या मुलाची गोष्ट. बाप दर महिन्याला मठाच्या दारात येऊन उभा राहतो आणि मुलगा त्याला भेटत नाही.

"तुम्ही देव मानता?" मी एकदा विचारलं.

"होडी पाण्यात ढकलताना मानतो. पुस्तक वाचताना नाही."

"सोयीचं आहे."

"एकदा होडीत बसा आमच्या, मग बोला. सारसोळ्याची खाडी तत्त्वज्ञानाच्या बाईंनाही सोडत नाही."

"बोलावणं आहे की धमकी?"

"तुम्ही ठरवा." तो हसला, आणि मग उगाचच बूट झटकू लागला.

मला तो आवडू लागला होता. पण एक गोष्ट मला कळत नव्हती. मी समासातलं बाबांचं काही मोठ्यानं वाचलं की त्याचं हसू मावळायचं. नजर लांब कुठंतरी, अर्धवट बांधलेल्या इमारतींकडे जायची.

तिसऱ्या शनिवारी मी त्याला ते पान दाखवलं.

"हे कुणालाच दाखवलेलं नाही." मी ओळीवर बोट ठेवलं. "मुलगा मठात शांत झोपतो, तिथं बाबांनी लिहिलंय बघा... 'आपल्या माणसाला दारात उभं ठेवून मिळवलेली शांती काय कामाची? मी चुकलो.'"

किसननं पानावरून नजर काढून घेतली.

"हे माझ्यासाठी आहे, किसन. या एका ओळीवर मी वर्ष काढलंय. उद्या वर्षश्राद्ध आहे. उद्या आईला दाखवणार. त्यांनी मला माफ केलं होतं, हे तिला कळायला हवं."

"उद्या?"

"का?"

त्यानं पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. "नका दाखवू."

"का पण?"

"सुनीती..." त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं होतं. "ते साहेबांनी लिहिलेलं नाही. ते मी लिहिलंय."

मी हसले. खरंच हसले. "बाबांचं अक्षर मी ओळखत नाही?"

"नकाशावर दोन माणसांची अक्षरं वेगळी दिसता कामा नयेत, हा त्यांचा नियम. दोन वर्षं पाटीवर गिरवून घेतलं त्यांनी माझ्याकडून. आता माझं मलाही ओळखू येत नाही." त्यानं पिशवीतून वही काढली, उघडून माझ्यासमोर धरली. तेच अक्षर. तीच उभी रेघ, तोच मोजून सोडलेला गाळा.

"जेवणाच्या सुट्टीत आम्ही पुस्तकं बदलायचो. एक आठवडा माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. ती ओळ मी माझ्या बासाठी लिहिली. आमच्या शेतावरून गेलेला रस्ता मी आखला... याच हातानं. चार वर्षं झाली, तो माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी नाही. एका घरात."

"आणि तीन शनिवार तुम्ही ऐकून घेतलंत? मी बाबा बाबा करत होते ते?"

"पहिल्या दिवशीच सांगणार होतो. तुम्ही त्या पानावर असा हात ठेवून बसायचात... जीभ उचलायची नाही. आणि—"

"आणि काय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्या शनिवारी आला नसतात."

मी पुस्तक ओढून घेतलं. "आताही येणार नाही," म्हटलं, आणि मागे न बघता निघाले.

रात्र कशीतरी गेली. सकाळी भटजी यायच्या आधी मी पुस्तक घेऊन पूर्वेच्या खिडकीत बसले. ते कपाटात ठेवून द्यायचं होतं, कायमचं. तरी बोट त्याच पानाशी गेलं. 'मी चुकलो' या शब्दांखाली कोवळं ऊन तिरपं पडलं होतं आणि त्या उन्हात कागदावर काहीतरी चमकलं. ओरखडा असावा तसं. मी पान आणखी कलतं धरलं.

अक्षरं होती. इतकी फिकट की सरळ धरलं तर कोरा कागद.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. आई खिरीसाठी वेलची सोलत होती.

"आई, बाबा कुठली पेन्सिल वापरायचे?"

"फोर-एच. खिळ्यासारखी कठीण." तिनं मान वर केली नाही. "वाण्याची यादी लिहायचे तीसुद्धा मला दिसायची नाही. दहादा सांगितलं, माणसांसाठी मऊ वापरा. ऐकतील तर ना."

मी पान उजेडात धरलं. आईनं हात पुसले, चष्मा लावला आणि हळूहळू वाचलं — 'मग जाऊन सांग त्यांना, किसन. वेळ घालवू नकोस. मला माझ्या मुलीला अजून सांगता आलेलं नाही.'

तिनं दोनदा वाचलं. मग माझ्या गालाला हात लावला. तिच्या बोटांना वेलचीचा वास होता.

"अजून म्हणालेत," ती म्हणाली. "म्हणजे सांगणार होते." मग चष्मा काढत, "हा किसन कोण?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे.

"त्याला हे ठाऊक आहे?"

"नाही. हे लिहिल्यावर पुस्तक बाबांकडेच राहिलं."

"मग पानं उठली की जा," आई म्हणाली. "निरोप त्याचा आहे. आपण ठेवून घ्यायचा नाही."

सारसोळ्याला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. एका दारासमोर एक बाई सुकत घातलेली मासळी उलटत होती.

"कोन हाय गो, बाय? किसनचे हापिसातली का?"

"हो... म्हणजे, नाही."

"दोनातलं एक काय ते सांग," किसनची आई, गोजराबाई, हसत म्हणाली आणि तिनं आत हाक मारली.

किसन बाहेर आला, मला पाहून दारातच थांबला. मी पान उघडून सूर्याकडे कलतं धरलं. त्यानं वाचलं. पुस्तक तसंच हातात घेऊन तो खाडीच्या काठाकडे गेला. तिथं एक म्हातारा माणूस जाळं सांधत बसला होता. किसन त्याच्यासमोर उकिडवा बसला. ऐकू काहीच आलं नाही. म्हाताऱ्याचा हात मात्र जाळ्यावर थांबलेला दिसला, आणि बराच वेळ तसाच राहिला.

परत आला तेव्हा किसनचे डोळे लाल होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, एवढं बोलायला पुस्तक कशाला लागतं रे?"

मला हसू आलं, आणि त्याच्याबरोबर कालपासून अडवून धरलेलं रडूही. तो जवळ आला, पण हात लावला नाही.

"कालचा राग—"

"आहे अजून. थोडा."

"मग थोडक्यात बोलतो." त्यानं मागे आपल्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू दोन शब्द बोलला.

"मोठ्यानं बोल," मी म्हटलं. "वाऱ्यात ऐकू आलं नाही."

आलं होतं. तरी तो पुन्हा बोलला, "लग्न करशील?"... इतक्या मोठ्यानं, की गोजराबाईच्या हातातली मासळी हातातच राहिली.