पाच बेटांची शिरगणती

'अर्णवी' हे पर्यटक जहाज पाचव्या बेटाजवळ नांगरून उभं होतं आणि मधल्या डेकवर त्या दिवसाची शिरगणती वाचून दाखवायची वेळ झाली होती. छोट्या बोटींतून बेटाभोवती फिरून, उन्हात रापून आलेले प्रवासी सरबताचे पेले घेऊन बसले होते. प्रत्येकाच्या गळ्यात गणकदुर्बीण होती. ती थव्यावर रोखली की पक्षी किती ते स्वतःच मोजून सांगे. सुट्टीवर आलेल्या माणसाला तेवढेही कष्ट नकोत, ही जहाज कंपनीची काळजी.

"शेंदरी सुरय," जहाजावरच्या पक्षीतज्ज्ञ आणि या बेटांच्या सरकारी पर्यवेक्षक डॉ. हेमांगी शेवडे यांनी वाचलं, "दोन हजार तीनशे सात."

टाळ्या पडल्या. पाच बेटं मिळून साडेअकरा हजार! बारा वर्षांपूर्वी हा लाल चोचीचा समुद्रपक्षी या बेटांवर जेमतेम चार हजार उरला होता. हेमांगीने हसून टाळ्या स्वीकारल्या खऱ्या, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चार दिवसांत दुर्बिणीची काच पुसून पुसून तिने रुमाल झिजवला होता. पाच वेगळी बेटं, कुठे खडक, कुठे वाळू, आणि प्रत्येकावर तेवीसशेच्या आसपास पक्षी. निसर्ग इतका नीटनेटका कधीपासून वागायला लागला?

उद्या दुपारी तिला एका दाखल्यावर सही करायची होती. ही जात आता सुरक्षित आहे, बाकीच्या चार बेटांवर ती भरपूर आहे, तेव्हा पाचव्या बेटावरचा संरक्षणाचा कायदा उठवायला हरकत नाही, असा तो दाखला. मग पाचव्या बेटावर हॉटेल उभं राहणार होतं आणि 'अर्णवी' दुसऱ्या समुद्रात नव्या सफरीला जाणार होतं. पक्ष्यांची एक अख्खी जात वाचवणारी बाई म्हणून हेमांगीचं नाव होणार होतं, आणि ते तिला हवंही होतं. का नसावं?

"मॅडम, तो तुटक्या शेपटीचा आज इथेही भेटला."

बोलणारे बेहेरे होते. सत्तरी उलटलेले निवृत्त तिकीट तपासनीस. मुलीने हट्टाने सफरीला पाठवलं होतं आणि ते दुर्बीण सोडून चित्रकलेची वही घेऊन हिंडत.

"कोण भेटला?"

"डाव्या पायाचं मधलं नख नाही, शेपटीचं उजवं पीस निम्मं. सोमवारी पहिल्या बेटावर होता, बुधवारी तिसऱ्या."

आजूबाजूचे हसले. हेमांगीला हसू आलं नाही, रागच आला. "बेहेरेकाका, सुरय जिथे जन्मतो ते ठिकाण मरेपर्यंत सोडत नाही. याला आम्ही जन्मस्थळनिष्ठा म्हणतो. माझी सगळी गणती तिच्यावर उभी आहे."

"असेल बाई. पण पस्तीस वर्षं मी गाडीत तोंडं बघितली. डबा बदलला म्हणून माणूस बदलत नाही." त्यांनी वही पुढे केली. "आणि हा एकटा नाही. असे अकरा जण आहेत."

हेमांगीने वही उघडली. वाकडी चोच, पांढरी भुवई, लंगडा पाय. प्रत्येक चित्राखाली बेटांचे क्रमांक: एक, दोन, चार, पाच. पक्ष्यांच्या पायांत ओळखकडी घालायची सूचना दरवर्षी येई आणि नाजूक पायांना इजा होईल म्हणून तीच दरवर्षी ती फेटाळत असे.

सकाळी उजाडताच ती इंजिनखोलीत उतरली. मुख्य अभियंता इलियास पारकर रत्नागिरीकडचा, पिढीजात दर्यावर्दी. तो चहाचा कप घेऊन यंत्रासमोर बसला होता.

"पारकर, हे यंत्र नांगर टाकल्यावरही चालू असतं?"

"बंद कधीच नसतं मॅडम. हा चुंबकनोदक. पंखा नाही, पातं नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून वीज सोडायची, बाजूने जबरदस्त चुंबकक्षेत्र लावायचं, की पाणी आपोआप मागे ढकललं जातं आणि जहाज पुढे सरकतं. उभं असताना तोच जहाजाला जागेवर धरून ठेवतो. का हो?"

हेमांगी बसलीच नाही. ती यंत्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत बोलू लागली. "सुरयचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की पहिल्या काही दिवसांत त्या जागेचं चुंबकक्षेत्र त्याच्या मेंदूत कोरलं जातं. आम्ही त्याला चुंबकमुद्रा म्हणतो. आयुष्यभर तो त्या मुद्रेकडे परत येतो. त्याला बेट दिसावं लागत नाही, मुद्रा जुळावी लागते."

"बरं."

"पिल्लं निघतात त्या सहा आठवड्यांत हे जहाज गेली बारा वर्षं कुठे उभं असतं?"

पारकरचा कप हातातच राहिला. "इथेच. पाचव्या बेटापाशी. तुम्हीच भांडून परवानगी मिळवलीत, अंडीचोरांवर पहारा राहावा म्हणून."

"आणि त्या सहा आठवड्यांत बाकीच्या चार बेटांवर कोण जातं?"

"कोणीच नाही. मनाई आहे."

"म्हणजे तिथे एक तरी घरटं होतं का, हे कोणी पाहिलंय?"

पारकर हळूच म्हणाला, "जहाज रात्री चालतं. पक्षी रात्री आपल्यामागे येत असतील, तर दिसणार कोणाला?"

"थवा एकच आहे, पारकर. त्यांच्या मेंदूत बेट नाही, हे यंत्र कोरलं गेलंय. आपण जाऊ तिथे तो येतो, जवळच्या बेटावर उतरतो, आणि मी त्याला पाच वेळा मोजते. चार हजारांचे तेवीसशे झालेत आणि मी टाळ्या घेतेय."

खात्री करायची एकच रीत होती. कप्तानाला तपासणीचं कारण सांगून पारकरने नऊ वाजता चुंबकनोदक दहा मिनिटांसाठी बंद केला. हेमांगी कठड्याशी उभी होती. मिनिटभर काही झालं नाही. मग बेटावरून एकाच वेळी सगळे सुरय उठले. ते जहाजावर आले, त्याच्याभोवती गोल गोल फिरू लागले, ओरडू लागले. खाली यावं की लांब जावं त्यांना उमजत नव्हतं. प्रवासी हर्षभरित झाले. सफरीतलं सर्वांत सुंदर दृश्य म्हणून सगळ्यांनी दुर्बिणी रोखल्या. बेहेरे तेवढे वही मिटून हेमांगीकडे बघत राहिले.

"चालू कर!" ती इंटरकॉमवर ओरडली. "पारकर, आत्ता चालू कर!" यंत्र गुरगुरलं. हळूहळू थवा बेटावर टेकला. हेमांगी सगळ्यांदेखत रडली.

"आता?" वर आलेल्या पारकरने विचारलं. "जहाज पुढच्या आठवड्यात निघणार."

"तर तेही निघतील. तिकडे थंड समुद्रात मरतील. यंत्र बंद करून ठेवलं तर अंडीच घालणार नाहीत. चालू ठेवून इथे थांबलं तर नवी पिल्लंही जहाजाचीच होतील. थांबून क्षेत्र दरवर्षी थोडं थोडं कमी करत नेलं, तर कधीतरी बेटाची मुद्रा उरेल. वीस वर्षं लागतील."

"वीस वर्षं हे जहाज इथे कोण उभं करील मॅडम?"

हेमांगी केबिनमध्ये गेली. दाखला टेबलावर होता. तिने तो बाजूला सारून कोरा कागद घेतला. कायदा तिला पाठ होता, तिनेच तर मसुदा लिहिला होता: ज्या स्थळाशी पक्ष्यांची जन्मनिष्ठा सिद्ध होईल, ते हलवता येणार नाही आणि विणीच्या काळात तिथे माणसाने राहायचं नाही. स्थळ म्हणजे जमीनच, असं कायदा कुठेही म्हणत नव्हता. पर्यवेक्षक म्हणून बंदीचा हुकूम काढायचा अधिकार तिचा होता. आधी तिने आपली बारा वर्षांची गणती चुकीची असल्याचं लिहिलं. ते लिहिताना पेन दोनदा थांबलं. मग हुकूम लिहिला. स्थळाचं नाव: 'अर्णवी'.

कप्तान भडकला, कंपनीने फोनवर धमक्या दिल्या, पण विणीला दोन दिवस उरले होते आणि कायदा कायदा होता. दुपारपासून पक्षीसफरीच्या त्याच छोट्या बोटींतून एकोणीसशे प्रवासी सामानासकट पाचव्या बेटावर नेऊन उतरवले गेले. दुसरं जहाज उद्या येणार होतं. यंत्र सांभाळायला पारकर आणि त्याचे चार जण तेवढे हुकमातल्या खास सवलतीने तळात राहणार होते. सर्वांत शेवटच्या बोटीत हेमांगी बसली. शेजारी बेहेरे होते.

माणसांची गर्दी बघून बेटावरचे सुरय उठले. हेमांगीचा जीव खालीवर झाला. आता हे अंडी कुठे घालणार?

थवा बेटावरून वळला आणि सरळ जहाजाकडे गेला. पहिला पक्षी रिकाम्या डेकवर उतरला, मग दुसरा, मग शंभर. खुर्च्यांखाली, जिन्यांवर, कोरड्या तरणतलावात ते जागा निवडू लागले. कोणी दुर्बीण रोखली नाही.

"अंडी बेटावर का घालत होते मग इतकी वर्षं?" बेहेरेंनी विचारलं.

"नाइलाज होता त्यांचा," हेमांगी म्हणाली. "घरात आपण राहत होतो."