बेगायिमच्या यकृतातली गाठ

आमच्या डोंगराळ नारीन गावात यकृतातल्या गाठी काढणं हे माझं रोजचं काम. इथे मेंढ्या, कुत्री आणि माणसं एकाच अंगणात वाढतात. कुत्र्याच्या पोटातला जंत माणसात शिरतो आणि यकृतात पाण्याची पिशवी तयार होते. यात भुताखेताचं काही नाही. गेल्या वर्षी आम्हाला नवी नळी मिळाली. तिचं टोक थरथरतं, रोगट भाग फोडून खेचून घेतं, रक्तवाहिन्या शाबूत ठेवतं. तिच्या तोंडातून वाटाणासुद्धा जाणार नाही.

बेगायिम शाळेत भूगोल शिकवते. ही सोयरीक नको, असं तिने घरी स्पष्ट सांगितलं होतं. तरी मुलाकडचे आले आणि दोन्ही घरांनी कलेजी आणि मेंढीच्या शेपटीची चरबी एकमेकांना भरवली. ती पोटात गेली की आमच्यात सोयरीक मोडत नाही. त्याच संध्याकाळी बेगायिमच्या बरगडीखाली दुखायला लागलं.

"गाठ वाढायला वर्षं लागतात गं," मी म्हटलं. "सोयरिकीचा काय संबंध?"

"मग काढा ना. सगळी काढा. मेले तरी मी त्या घरात जाणार नाही."

मला पोरगी आवडली.

पोट उघडलं. गाठ पांढरी असायला हवी, ही करडी होती आणि हाताला गरम लागली. शिजलेल्या मटणाचा वास आला.

"कँटीन उघडलं वाटतं, ताई," माझी नर्स बुरुल म्हणाली. कँटीन रस्त्यापलीकडे आहे, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मी नळी लावली. बाटलीत पाणी यायला हवं होतं. पडला तो कलेजीचा बोटभर रुंद काप. त्यामागून चरबीचा. मी नळीचं तोंड पुन्हा पुन्हा पाहिलं.

"थांबूया का?" बुरुलने विचारलं.

"कशाला? सगळी काढा म्हणालीये ती."

भीती वाटत होती, पण राग जास्त होता. सगळं खेचून काढलं, टाके घातले, काप ट्रेमध्ये ओतले आणि मास्कसकट बाहेर गेले. मुलाची आई कानिशाय बाकावर बसली होती.

"हे तुमचं. परत न्या. सोयरीक मोडली."

तिने झाकण उचललं. दचकली नाही. बोटाने एकेक काप बाजूला सारला.

"एक कमी आहे, डॉक्टरबाई. तो मिळत नाही तोवर पोरगी आमची."

तिला सुनवायला मी मास्क खाली ओढला. दाढेशी काहीतरी मऊ लागलं. खारट.

सकाळपासून मी चहासुद्धा घेतला नव्हता.

मी ते ट्रेमध्ये थुंकले.

"झालं आता?"

तिने तो काप उलटून पाहिला.

"पोरीचं झालं," ती म्हणाली. "पण हा अर्धाच आहे." आणि सून निरखावी तशी माझ्याकडे बघत राहिली.

मी आत आले. बेगायिम शांत झोपली होती. पोरगी सुटली.

"बुरुल," मी बरगडीखाली हात दाबून म्हटलं, "नळी उकळून ठेव. आणि मोठ्या डॉक्टरांना बोलाव. आज अजून एक पोट उघडायचंय."