मास्तरांची लाइन

भूत म्हटलं की लोकांना काळोख लागतो. मी सांगतोय ते भर दुपारी चार वाजता घडलं, लख्ख उन्हात, आणि आम्ही तिघेही पूर्ण शुद्धीवर होतो. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. मी तिथे होतो.

मी फायर स्टेशनच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, त्याच स्टेशनात बंबावर ऑपरेटर. आग लागली की बाकीचे आत जातात, ऑपरेटर बाहेर पंपाजवळ उभा राहतो. त्याला आतलं काही दिसत नाही. दिसतो तो फक्त प्रेशरचा काटा. आत कुणी नळीच्या टोकाचं नोझल उघडलं की काटा खाली येतो, बंद केलं की वर जातो.

मास्तर हे दाजींचे बावीस वर्षांचे जोडीदार. होते फायरमनच, पण स्टेशनातल्या सगळ्यांच्या पोरांची गणितं सोडवून द्यायचे म्हणून मास्तर. वॉकीटॉकीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ऐनवेळी त्या डबड्याचा घसा बसतो," म्हणायचे. म्हणून आत पोचले की ते नोझल दोनदा उघडायचे आणि बंद करायचे. बाहेर काटा दोनदा हलायचा.

"पोचले बघ," दाजी म्हणायचे आणि पाणी वाढवायचे.

ताई वैतागायची. "यांचं माझ्यापेक्षा मास्तरांशी जास्त जमतं. तेही तोंडातून शब्द न काढता!"

मग गाद्यांच्या गोदामाला आग लागली.

दाजींच्या बंबावरून दोन लाइनी, म्हणजे पाण्याच्या दोन नळ्या, चालू होत्या. एक आत मास्तरांकडे, दुसरी गोदामाच्या मागच्या बाजूला. शेजारच्या स्टेशनचे लोकही आले होते. छप्पर कलायला लागलं तशी आमच्या स्टेशनच्या साहेबांनी शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि डोकी मोजली. आपले सहा आत गेले होते, सहा बाहेर आले.

तोंडावर मास्क, अंगभर काजळी. कोण कुठला ते कसं ओळखणार?

सहावा शेजारच्या स्टेशनचा होता. हे कळायला बारा मिनिटं लागली.

तोवर साहेबांनी दाजींना सांगितलं होतं, "आतली लाइन बंद कर. सगळं पाणी मागे दे." दाजींनी व्हॉल्व्ह बंद केला होता.

मास्तर नळीच्या टोकाशी सापडले.

त्यानंतर दाजी वेळेवर ड्यूटीवर यायचे, वेळेवर घरी जायचे. बोलायचे मात्र नाहीत. दाढीसुद्धा करेनात. ताई मला फोन करून नुसती रडायची.

आमच्याकडे दर गुरुवारी दुपारी चारला पंपाची तपासणी असते. मागच्या आवारात नळी पसरायची, नोझल बंद ठेवायचं, इंजिन चालू करायचं आणि काटा बघायचा. आगीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी दाजींनी मला हाक मारली.

"जरा काटा बघ रे."

नोझल बंद होतं. त्याच्याजवळ चिटपाखरू नव्हतं. इंजिन एका लयीत चाललं होतं.

आणि काटा…

खाली आला. वर गेला.

पुन्हा खाली. पुन्हा वर.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "मीटर बिघडलाय, दाजी. बदलून टाकतो." मीटर बदलला. पंपाची सीलं बदलली. नळीसुद्धा नवी आणली. आठवडाभर त्या पंपाची हाडं न् हाडं तपासली. दोष सापडला असता तर मी पेढे वाटले असते!

पुढच्या गुरुवारी चार वाजले. नवा मीटर, नवी नळी, बंद नोझल.

काटा दोनदा हलला…

आणि मग खाली आला तो खालीच राहिला.

मी नळीवर हात ठेवला. आतून पाणी धावत होतं. पळत नोझलपाशी गेलो. ते बंद होतं, कोरडं होतं. टाकीतलं पाणी मात्र भराभर उतरत होतं. साडेचार हजार लिटरची टाकी, आणि आवारात एक थेंब नाही.

"दाजी, बंद करा!" मी ओरडलो.

"नाही करणार." दाजींनी काट्यावरची नजर काढली नाही. "त्या दिवशी व्हॉल्व्हवर हात ठेवला तेव्हाही काटा हलला होता रे. मला वाटलं, मागच्या लाइनचा असेल. दोन लाइनी चालू असल्या की कळत नाही कुणामुळे हलला. साहेब ओरडत होते. मी बंद केला."

दाजी बोलतच राहिले.

"मास्तरांच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी विचारलं, त्यांना फार त्रास झाला का? मी म्हटलं, नाही, धुरानं आधीच शुद्ध गेली होती. मला काय माहीत रे? मी कशाच्या जोरावर सांगितलं?"

टाकी संपत आली तशी दाजींनी आवारातल्या नळाची लाइन पंपाला जोडली. पाणी जातच राहिलं. इंजिनाचा आवाज ऐकून साहेब बाहेर आले.

"काय चाललंय? बंद कर ते."

"साहेब, आत माणूस आहे," दाजी म्हणाले.

साहेबांनी कोरडं आवार पाहिलं. बंद नोझल पाहिलं. मग काटा पाहिला. इतका दरारा असलेला माणूस, पण डोक्यावरची टोपी काढून बंबाच्या पायरीवर मटकन बसला.

"चालू ठेव," ते म्हणाले.

सव्वा तास पाणी जात होतं. आम्ही तिघं तिथेच होतो. सव्वापाचला काटा…

आपोआप वर गेला. मी नळीवर हात ठेवला. ती गप्प होती.

"बंद केलं त्यांनी," दाजी पुटपुटले. मग माझ्याकडे वळले. "गोदामातलं ते नोझल तपासायला तुझ्याकडे आलं होतं ना?"

"हो."

"बंद होतं का उघडं?"

तीन आठवडे त्यांनी हे विचारायचं टाळलं होतं. बंद असेल तर मास्तरांची शुद्ध आधीच गेली होती, ते पाण्याची वाट बघत नव्हते. उघडं असेल तर बघत होते.

मी दाजींच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं. ताईचा रडवेला आवाज आठवला.

"बंद होतं, दाजी."

दाजी लहान पोरासारखे हंबरडा फोडून रडले. साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नोझलच्या माझ्या तपासणी अहवालावर त्यांचीच सही होती. मग टोपी डोक्यावर चढवून ते आत निघून गेले.

नोझल उघडं होतं. दांडी पार शेवटपर्यंत ओढलेली होती.

आता दाजी बरे आहेत. नीट जेवतात, ताईशी भांडतातही. गुरुवारी काटा जागचा हलत नाही. सगळे म्हणतात, सुटले मास्तर.

ते नोझल माझ्या गॅरेजमधल्या कपाटात आहे. खोटं बोललो त्याच संध्याकाळी मी त्याची दांडी बंद केली. उष्णतेनं ती इतकी घट्ट झाली आहे की दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. कपाटाला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडेच असते.

सकाळी कुलूप काढलं आणि…

दांडी उघडी होती.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी ती बंद करतो. मास्तरांना माझा राग आलाय की त्यांना अजून पाणी हवंय, मला कळत नाही. दाजींना खरं सांगायला हवं, हे कळतं. सांगवत नाही. कपाट उघडण्याआधी मी रोज हात जोडून मास्तरांची माफी मागतो.

आज सकाळीही ती उघडीच होती.