बिनतिखटाचं ताट

अमरावतीच्या कापूसबाजारात गाड्यांची रांग लागली होती, आणि त्या रांगेतल्या एका बैलाने शकुनच्या टोपलीतली काकडी खुशाल उचलली.

"बैलाले आवरा ना! उपाशी आणला का त्याले?"

गाडीवाला उतरला. बार्शीटाकळीचा चंद्रभान. उंच, वाळलेला, पण हसला असा की शकुनला पुढचं भांडणच आठवेना.

"बैल जेवला हाय. उपाशी मी हावो."

"मंग हे घ्या की..." तिने अर्धी भाकर आणि वर ठेच्याचा गोळा पुढे केला.

तो त्या ठेच्याकडे बघतच राहिला. मग "नको—" म्हणून गाडीवर चढला.

शकुनला असा राग आला! दूर कुठल्या देशात लढाई पेटली होती आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. कापसाचा माज, दुसरं काय! तरी ते हसू वलगावला, घरापर्यंत तिच्यासोबत आलंच.

पंधरा दिवसांनी तोच चंद्रभान, बाजारात तिचं घर-गाव विचारून, मामाला घेऊन तिला बघायला दारात हजर. घरं सोयरिकीत बसणारी. वडिलांनी, नत्थुजींनी, वांग्याची झणझणीत भाजी करायला लावली. मुलगी बघायला आलेला पाहुणा पोटभर जेवला की होकार, भरल्या ताटावरून उठला की नकार, ही त्यांच्याकडची रीत. आणि चंद्रभान दोन घास चिवडून उठला. नत्थुजींचा चेहरा उतरला.

शकुन तांब्या घेऊन परसात गेली. त्याच्या हातावर पाणी ओतता ओतता म्हणाली, "पसंत नव्हती, तं आले काहून?"

"पसंत हाय... म्हणूनच उठलो." तो ओल्या हातांकडे बघत राहिला. "मले संग्रहणी हाय, शकुन. तीन वर्सं झाले. पोटात पीळ पडते, रक्त जाते. मंग दोन-दोन महिने कायबी नाई. वाटते, गेली... अन् पुन्हा येते. तिखटानं तं लईच भडकते. मामा म्हणे, लगन होईपर्यंत लपव. मले नाई जमत."

"दुसऱ्याले लागते?"

"नाई. माय माह्या ताटात जेवते, तिले काई नाई झालं."

"पुरती बरी होईन?"

"वैद म्हणे, सांगता येत नाई. सांभाळून राहा लागते."

शकुनला भीती वाटली. खूप वाटली. पण खोटं बोलून तो आज सहज जिंकला असता, आणि तो खोटं बोलला नव्हता. तिला तो फार, फार आवडला.

"बाबाले सांगा," ती म्हणाली. "अन् बसा."

त्याने ओसरीवर सगळं सांगितलं. मामा रागाने लाल झाला. तेवढ्यात शकुन ताट घेऊन आली. मऊ भात, ताजं ताक, चिमूटभर मीठ.

"पाहुण्याले असं बिनतिखट वाढते का कोनी?" आई, गोदाबाई, कुजबुजली.

"मी वाढते. रोज वाढीन."

नत्थुजींनी लेकीकडे बघितलं. "पोरी, रोग जाईनच असं नाई. समजते ना तुले?"

"समजते, बाबा."

चंद्रभान हळूहळू जेवला. शेवटचं शीतसुद्धा ठेवलं नाही. नत्थुजींनी डोळे पुसले आणि सोयरिकीचं तोंड गोड करायला गूळ आणायला सांगितला.

"अन् तू काय खाशीन?" चंद्रभानने हळूच विचारलं.

"ठेचा! तुमच्या पुढ्यात बसून," शकुन हसली... मग तिचा आवाज मऊ झाला. "फक्त दुखलं का मले सांगा लागन. माह्यापासून लपवायचं नाई."

"नाई लपवत," तो म्हणाला, आणि तिने त्याच्या रिकाम्या ताटात आणखी थोडा भात वाढला.