यंत्राचा वकील

ती त्याच्या डब्यावर बसली.

म्हणजे झालं असं, की वाचनालयाच्या वरच्या खोलीत मिट्ट काळोख होता. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून आत आल्यामुळे तिला स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता. चाचपडत पहिली खुर्ची सापडली, तिने अंग टाकलं आणि खालून 'कडाक्' असा आवाज आला.

"अगं — माझा डबा!" काळोखातून कुणीतरी कळवळलं.

"मग डब्याला खुर्ची कशाला दिलीस? त्याला काय बघायचंय?"

"श्शूऽऽ!" चारी बाजूंनी.

बिचारी आली होती गणितं सोडवायला. घराशेजारी भिंत फोडण्याचं काम चाललं होतं, म्हणून शांत जागा शोधत होती. पण समोरच्या पडद्यावर एक बाई रडत होती आणि तिच्या टेबलावरचं एक गोल, चकचकीत यंत्र तिच्याऐवजी फोनवर तिच्या बहिणीची माफी मागत होतं. इतक्या गोड आवाजात, की बहीण विरघळली. मग त्या बाईने नवऱ्याची माफीही यंत्राकडून मागवली, मग आईची. शेवटी घरातल्या सगळ्यांना ते यंत्रच जास्त आवडायला लागलं आणि बाईला कुणी दार उघडेना.

"अरेरे, बिचारं यंत्र!" ती मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांच्या चुका त्याच्याच गळ्यात!"

खोलीत हशा पिकला. तीही हसली. हसली की तिच्या पुढच्या दोन दातांमधल्या फटीतून बारीक शिट्टी वाजायची. गेल्या वर्षापर्यंत ती हसताना तोंडावर हात धरायची. दहावीत आल्यावर मात्र तिने ठरवलं होतं, की वाजू दे! आपलेच दात, आपलीच शिट्टी.

दिवे लागले. शेजारी एक उंच मुलगा चेपलेला डबा मांडीवर घेऊन बसला होता. भुवया अशा जवळ आलेल्या, की कुठल्याही क्षणी आभाळ गडगडेल.

"तू… शिट्टी आहेस," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

"आणि तू ढग," ती म्हणाली.

झालं. बारसं दोघांचंही तिथेच उरकलं.

त्या खोलीत दर शनिवारी दुपारी एक मंडळ जमायचं. ग्रंथपालबाई 'अंधारकप्पे' नावाच्या मालिकेचा एक भाग दाखवायच्या. प्रत्येक भाग म्हणजे वेगळी गोष्ट, वेगळी माणसं, पुढच्या काळातलं एखादं नवं यंत्र, आणि शेवटी कुणाचं तरी वाटोळं. भाग संपला की पडद्यासमोर दोन खुर्च्या मांडायच्या आणि खटला चालवायचा. एका खुर्चीत माणसाचा वकील, दुसरीत यंत्राचा. कोणी कुठे बसायचं ते बाई बोट दाखवून ठरवायच्या. तुमच्या मनात काही का असेना, ज्या खुर्चीत बसलात तिचीच बाजू लढवायची. मग बाकीचे हात वर करून निकाल द्यायचे.

त्या दिवशी गणितं राहिली ती राहिलीच. पुढच्या शनिवारी ती वहीसुद्धा न घेता आली.

ढग बारावीला होता आणि प्रोजेक्टरही तोच सांभाळायचा. पडदे ओढायचा, तापलेल्या दिव्यावर फुंकर मारायचा, आणि काळोखात हळूच तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसायचा. डबा आता जमिनीवर असायचा.

"ही मालिका म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आहे," जिना उतरताना तो एकदा म्हणाला. "माणसाच्या हातात काहीही द्या, तो त्याची माती करणार."

"काहीतरीच! मला तर उलटंच दिसतं."

"तुला नेहमी उलटंच दिसतं. आजच्या भागात अख्खं गाव बुडालं, आणि तू टाळ्या काय वाजवल्यास?"

"अरे, त्या म्हातारीने शेवटी यंत्र बंद केलं की नाही?"

"पाणी गळ्याशी आल्यावर!"

"पण केलं ना!" ती दोन पायऱ्या खाली जाऊन वळली. "मला ना, असं वाटतं, की ही गोष्ट लिहिणाऱ्याला माणसं फार आवडत असणार. आवडत नसती तर त्याने त्यांची इतकी काळजी कशाला केली असती? दटावतं कोण? ज्याला माया असते तोच."

तो थांबला. तिच्याकडे बघत राहिला — नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. बरोबर बोललीस बहुतेक. आठवडा वाया जाणार माझा, यावर विचार करण्यात."

"विचार करताना माझाही थोडा कर," ती बोलून गेली, आणि कान लालबुंद होऊन उरलेला जिना धडाधड उतरली. खाली पोचेपर्यंत हसू आवरेना. शिट्टीसुद्धा!

असे कितीतरी शनिवार गेले. त्याच्या भुवया हळूहळू एकमेकींपासून दूर सरकल्या. तिला कळून चुकलं, की आपण प्रेमात पडलोय. आणि हेही, की परीक्षा झाली की ढग दुसऱ्या शहरात जाणार आहे, यंत्रं दुरुस्त करायचं शिकायला. तेव्हा सांगायचं तर आत्ताच. तिने शनिवार नक्की केला. खटला संपला की जिन्यात गाठायचं आणि सरळ सांगून टाकायचं. निळा कुडता घालायचा. एवढी सगळी तयारी!

त्या शनिवारच्या भागाचं नाव होतं 'अंदाज'.

गोष्टीतल्या गावात प्रत्येकाच्या कानामागे एक मणी असायचा. कुणाला काही विचारायचं मनात आणलं, की समोरचा काय उत्तर देईल ते मणी आधीच कानात सांगायचा. एक शिंपीण होती, आणि तिच्या समोरच्या दुकानात एक घड्याळजी. रोज सकाळी ती मनात म्हणायची, 'आज विचारू का याला?' आणि मणी कुजबुजायचा, 'नाही म्हणेल.' मग ती नुसतीच हसून दुकान उघडायची. केस पांढरे झाले. घड्याळजी गेला. त्याचं सामान आवरताना सापडलेल्या वहीतून तिला कळलं, की त्याचा मणीही त्याला रोज तेच सांगत होता. कारण मणी शिकायचा तो इतरांच्या बोलण्यातून, आणि त्या गावात कित्येक वर्षांत असं काही कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. बिचाऱ्या मण्याला 'हो' माहीतच नव्हतं.

दिवे लागले. बाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं. "तू माणसाची." मग त्याच्याकडे. "तू यंत्राचा."

तो खुर्चीत बसला.

"मण्याने कुणाचा जीव घेतला नाही," तो म्हणाला. "ती दोघं रोज भेटत होती. रोज हसत होती. तिने विचारलं असतं आणि तो नाही म्हणाला असता, तर… तर ते रोजचं हसणंही गेलं असतं. काही गोष्टी विचारल्या की मोडतात. नाही विचारल्या, तर निदान राहतात तरी." त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली. "शहाण्या माणसाने विचारू नये. एवढंच."

हे आपल्यालाच! याला कळलंय सगळं, आणि चारचौघांत किती सभ्यपणे नाही म्हणाला…

"हं, माणसाचे वकील?" बाई म्हणाल्या.

"मला… काही म्हणायचं नाही."

खोली चाट पडली. शिट्टीला काही म्हणायचं नाही! यंत्र निर्दोष सुटलं. आणि ती जिन्यात न थांबता, निळा कुडता सावरत, थेट घरी गेली.

पुढच्या शनिवारी ती गेलीच नाही.

तिच्या आत्याचं ऐकण्याच्या मशीनचं दुकान होतं. कमी ऐकू येणाऱ्यांचे कान तपासायचे, आणि मग ज्याला जसं लागेल तसं मशीन बसवून द्यायचं. ती कोपऱ्यात बॅटऱ्यांची पाकिटं लावत बसली होती, चेहरा उतरलेला. पलीकडे काचेच्या छोट्या खोलीत एक आजोबा कानांवर हेडफोन चढवून बसले होते. आवाज आला की बटण दाबायचं, एवढीच परीक्षा. आजोबा उत्साहाने दाबत सुटले होते.

आत्याने काचेचं दार उघडलं. "आजोबा, अहो मी अजून आवाज सोडलाच नाही!"

"येणारच होता की!" आजोबा ऐटीत म्हणाले. "मला अंदाज येतो."

"पहिला नंबर काढायचाय का तुम्हाला? असं अंदाजाने दाबलंत ना, तर मशीन चुकीचं बसेल. मग नात तिकडे बोलतेय काय आणि तुम्ही समजताय काय! आवाज येईपर्यंत थांबायचं. आला तर आला. नाही आला तर नाही. कळलं?"

बॅटऱ्यांचं पाकीट तिच्या हातातच राहिलं.

आवाज सोडलाच नव्हता! तिने त्याला विचारलंच कुठे होतं? तो तर खुर्चीत बसून यंत्राची बाजू मांडत होता, बाईंनी सांगितली म्हणून, आणि तिने घरी जाऊन बटण दाबून टाकलं. त्या शिंपिणीला निदान मणी तरी होता. हिने तर बिनमण्याचंच…

"आत्या, मी जाऊ?"

"कुठे गं?"

"वाचनालयात."

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "पुस्तकासाठी कुणी इतकं लाल होत नाही. जा. आणि केस तरी सारखे कर, बये!"

ती पोचली तेव्हा मंडळ पांगलं होतं. ढग एकटाच पडद्याच्या दोऱ्या गुंडाळत होता. खिडकीतून आलेल्या तिरप्या उन्हात धूळ तरंगत होती. तिला पाहून त्याच्या हातातली दोरी सुटली आणि पडदा सरसर खाली आला.

"आली नाहीस आज," तो म्हणाला. "मला वाटलं —"

"थांब. आधी मी." धावल्यामुळे तिला धाप लागली होती. "मला तू आवडतोस. मंडळातला म्हणून नाही, प्रोजेक्टरवाला म्हणून नाही… तू. आणि मला विचारायचंय, की मी तुला आवडते का?"

आणि ती थांबली. त्याच्या कपाळावर आठी आली, ती पाहून मनात शंभर उत्तरं उमटली. तिने सगळी ढकलून दिली. नुसती उभी राहिली. खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"त्या दिवशी," तो हळूहळू म्हणाला, "बाईंनी मला माणसाचा वकील केलं असतं ना, तरी मी तेच बोललो असतो."

तरी ती हलली नाही.

"कारण… कारण कितीतरी दिवस मी स्वतःला तेच सांगतोय. विचारू नकोस. जाणारच आहेस, कशाला विचारायचं. ती हसेल, किंवा हसायची थांबेल. घाबरट आहे गं मी. आणि तू नुसती गप्प बसलीस तेव्हा वाटलं, संपलं. मी खटला जिंकलो आणि अख्खा आठवडा मला जेवण गेलं नाही."

"मी उत्तर मागितलंय," ती म्हणाली. हनुवटी वर होती. "भाषण नाही."

"हो."

"हो काय?"

"आवडतेस. डब्यावर बसलीस तेव्हापासून." मग भुवया पुन्हा जवळ आल्या. "पण मी जाणार आहे, शिट्टी. ते बदलत नाही."

"मग जा की! मी काय दाराला कुलूप लावतेय? शिकून ये. फोन आहे, गाडी आहे, सुट्ट्या आहेत. रडूही येईल मला, तेही सांगून ठेवते."

तो हसला. इतका मोकळा, की ती बघतच राहिली. मग दोघांनी मिळून पडदा पुन्हा वर गुंडाळला, खिडक्या लावल्या आणि जिना उतरायला लागली. मधल्या वळणावर त्याचा हात तिच्या हाताला लागला. लागला तो तिथेच राहिला.

"उद्या काय करतेयस?" त्याने विचारलं.

"कर अंदाज!" ती डोळे मिचकावून म्हणाली.

"नाही," तो म्हणाला, आणि उत्तरासाठी चक्क पायरीवर थांबला. "विचारतोय."