भिंगाखालचं ‘शे’

“मी उठणार नाही! कार्ड माझं आहे, खेळणारही मीच!”

रूपाने मैदानाच्या मधल्या रेषेवरच बसकण मारली. पारोळ्यातल्या सुट्टीतल्या कबड्डीचा अंतिम सामना, आणि दोन मुलींची खेळाडू कार्डं एकाच नंबरची निघाली! रूपाचं मळलेलं. समोरच्या संघातल्या नव्या, दांडग्या मुलीचं करकरीत. स्पर्धाप्रमुख झुलालभाऊंनी ना चौकशी केली ना विचार. माइकवरून रूपाचं कार्ड खोटं ठरवून मोकळे!

प्रज्ञाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैत्रिणीवर लबाडीचा आळ? ही कार्डं धुळ्याला तिच्या जीवनमामाने छापली होती. फोटोभोवतीची बारीक रेघ म्हणजे रेघ नव्हतीच, मुंगीएवढी अक्षरं होती! नक्कल काढली की ती फुटतात, मग लबाडाला नव्याने लिहावी लागतात. ती अहिराणी ओळ प्रज्ञानेच सुचवली होती.

तिने शेजारी उभ्या मित्राला, अमृतला, डोळा मारला आणि रडवेला सूर लावला.

“भाऊ, मामाकडून एका ओळीत अशुद्ध छापलं गेलं हो!”

“मग शुद्ध असेल तेच कार्ड खरं!” अमृतने री ओढली.

समोरच्या संघाचे सुपडूसर टुणकन पुढे आले. “म्हणजे आमचंच! त्यात ‘शे’बिशे काही नाही, चांगलं ‘आहे’ लिहिलंय!”

“कुठे, सर?” प्रज्ञाने विचारलं.

“फोटोभोवती!”

“मामाने दिलेलं भिंग तर माझ्या खिशात आहे. तुम्हाला कसं दिसलं?”

पुढे आलेले सर टुणकन मागे सरकले!

झुलालभाऊंनी प्रज्ञाकडून भिंग घेऊन आधी स्वतःच्या गळ्यातल्या कार्डावर धरलं. ‘बठ्ठा खान्देश आपना शे.’ रूपाच्या कार्डावरही तेच. करकरीत कार्डावर मात्र, ‘सगळा खान्देश आपला आहे.’

“वा सर! चोरीतसुद्धा शुद्धलेखन?” अमृत म्हणाला. “दहापैकी दहा!”

सगळं मैदान खो खो हसलं. सुपडूसरांनी मान खाली घालून कबुली दिली. मोठ्या वयाची खेळाडू घुसवण्यासाठी त्यांनीच रूपाच्या कार्डाची नक्कल केली होती. भाऊंनी त्यांचा संघ तिथल्या तिथे बाद केला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला सामन्याला बोलावलं.

“शाब्बास, पोरांनो! माझंच चुकलं. ऊठ रूपा.”

“नाही उठणार! खोटी म्हणालात ते माइकवर. आता खरी म्हणा, तेही माइकवर!”

भाऊंनी माइक उचलला आणि थेट अहिराणीतच गरजले.

“रूपानं कार्ड खरं शे!”

तेव्हा कुठे रूपा उठली, अंगावरची माती झटकली आणि पहिल्या चढाईला निघाली.